एकशिक्षकी शाळा, मु. पो. एक्स्टन

एक्स्टन, पेनसिल्व्हेनिया
१२ जून

ती. अण्णा व ती. सौ. आई यांस,


अण्णा, तुमचं पत्र पोचलं. तुम्ही फुलस्केपवर लिहिता, शेजारचा मुलगा फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतो, त्यामुळे एक पान उलटं आलं आणि एका पानावर त्याचा अंगठा आला. अंगठ्याखाली काय असेल ते मी न वाचताच ओळखलं: ‘मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले सध्या कोणाच्या ताब्यात आहेत?’ जिल्हा परिषदेच्या शाळेत जन्म काढलेला माणूस नातवंडांची खुशाली अशीच विचारणार.

तर दाखले फाइलमध्ये आहेत, फाइल कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली शेंडेफळाने कुठेतरी टाकली आहे. आता सविस्तर लिहिते. आईला भजनी मंडळात बायका विचारतात, ‘नातवंडांना शाळेतून काढलं म्हणे?’ आणि ती ‘ऑनलाइन आहे’ असं सांगून वेळ मारून नेते, हे मला मावशीकडून कळलं. आई, ऑनलाइन काही नाही. सगळं ऑफलाइन आहे, आणि स्वयंपाकघरात आहे.

कारण तुम्हाला ठाऊकच आहे. जावयांचं प्रोजेक्ट बदललं की गाव बदलतं. न्यू जर्सीत अपूर्णांक सुरू झाले, टेक्सासात गेलो तर तिथे ते आधीच संपलेले, इथे आलो तर पुन्हा पहिल्यापासून. आमचा थोरला, दादा, तीन राज्यांत मिळून अपूर्णांक अपूर्णच शिकला. त्यात माझा एच-फोर व्हिसा, म्हणजे पगाराची नोकरी करायची नाही. तुम्ही फी भरून करवलेलं माझं बी.एड. ट्रंकेत पडून होतं. शेवटी हे म्हणाले, ‘तूच शिकव.’ अशी माझी नेमणूक झाली. विनाअनुदानित तत्त्वावर. संस्थाचालक म्हणजे तुमचे जावई. सगळ्या संस्थाचालकांसारखेच ते मधल्या सुट्टीत येतात, दोन शब्द बोलतात, चहा घेतात आणि मीटिंगला जातात.

तुम्हाला वाटतं की अमेरिकेत कुणीही उठावं आणि पोरं घरी बसवावीत. सगळ्या पन्नास राज्यांत घरी शिकवायला परवानगी आहे हे खरं, पण प्रत्येक राज्याचा खाक्या वेगळा. टेक्सासात कुणाला कळवावंसुद्धा लागत नाही. म्युनिकच्या वहिनींकडे उलट टोक, जर्मनीत बंदीच आहे. वहिनी सकाळी पोरं शाळेत ढकलतात आणि परत येऊन झोपतात. फोनवर मला म्हणतात, ‘किती गं हौस तुम्हाला!’ आवाजात झोप असते. आणि आम्ही नेमके येऊन पडलो पेनसिल्व्हेनियात. अण्णा, हे राज्य तुमच्यासाठीच बनवलं आहे. इथे इतके कागद लागतात की तुम्ही निवृत्तीनंतर इकडे आला असतात तर दहा वर्षांनी तरुण झाला असतात.

१ ऑगस्टच्या आत प्रतिज्ञापत्र द्यायचं. त्यात मुलांच्या लशी, आरोग्याची तपासणी, वर्षभराची उद्दिष्टं विषयवार, आणि घरातल्या कुणाही सज्ञान माणसाला गेल्या पाच वर्षांत ठरावीक गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली नाही असा मजकूर. तुमच्या जावयांच्या बाबतीत हे मी नोटरीपुढे शपथेवर लिहून दिलं आहे. शिकवणाऱ्याची पात्रता काय, तर बारावी पास. बी.एड.चं प्रमाणपत्र मी लॅमिनेट करून नेलं होतं. कुणी बघितलं नाही.

मग वर्षाला १८० दिवस भरवायचे, किंवा खालच्या वर्गांना ९०० तास आणि वरच्यांना ९९०. तुम्ही आता नाक मुरडलं असणार, कारण आपल्या शिक्षण हक्क कायद्यात पाचवीपर्यंत २०० आणि पुढे आठवीपर्यंत २२० दिवस आहेत. पण अण्णा, तुमचे विद्यार्थी संध्याकाळी घरी जायचे. माझे जात नाहीत. शाळा सुटली तरी पोरं तिथेच, पाटीपुस्तक तिथेच आणि बाईही तिथेच, फक्त बाईंना आता पोळ्या लाटायच्या असतात.

पट सांगते. दादा आठवी, ताई पाचवी, चिंगी तिसरी. एकूण पटसंख्या तीन. वीसच्या आत पट म्हणून शाळा बंद करायचा आदेश कधी निघतो याची मी रोज वाट बघते. इथे तिसरी, पाचवी आणि आठवी या तीनच वर्षी बाहेरची परीक्षा सक्तीची आहे, आणि आमच्या घरात यंदा नेमक्या त्याच तीन इयत्ता आल्या. अशी गाठ बोर्डालासुद्धा जमवता आली नसती. शेंडेफळ चार वर्षांचं, त्याला कायदा अजून लागू नाही. तुमच्या पाड्यावरच्या शाळेत थोरल्या बहिणीच्या कडेवरून येऊन दाराशी बसणारी पोरं असायची ना, पटावर नाहीत पण हजेरी सगळ्यात चोख, तसं त्याचं आहे. दादाला जी समीकरणं येत नाहीत त्यांची उत्तरं तो ओरडून सांगतो. सगळी उत्तरं ‘सात’. परवा एक बरोबर निघालं, तेव्हापासून त्याला आवरणं कठीण झालं आहे.

पहिले काही महिने माझं काय चाललं होतं ते तुम्हाला सांगितलं नव्हतं. मी बी.एड.मध्ये शिकले त्याप्रमाणे पाठ-टाचणं काढली. प्रस्तावना, हेतुकथन, विषय-विवेचन. दादाला बीजगणिताची प्रस्तावना करेपर्यंत चिंगी टेबलाखाली, चिंगीला वर काढेपर्यंत ताई बाथरूममध्ये पुस्तक घेऊन आणि दादा फ्रिजपाशी. आमच्या कॉलेजात चाळीस पोरांच्या एका वर्गाला कसं शिकवायचं ते दोन सेमिस्टर सांगितलं, पण तीन पोरांच्या तीन वर्गांना एकाच टेबलावर कसं शिकवायचं हे कुणी सांगितलं नाही. ते मी खडवलीला, तुमच्या शाळेत, फुकट बघितलं होतं आणि माझ्या डोक्यातच आलं नाही.

एका खोलीत चार इयत्ता, एक गुरुजी. पहिलीला गिरवायला, दुसरीला उतारा, तिसरीला फळ्यावर गणितं, आणि चौथीला तुम्ही स्वतः. मग फळा उलटा फिरवायचा आणि चौथीला लिहायला देऊन पहिलीकडे जायचं. मी लहानपणी तुमच्याबरोबर यायचे तेव्हा मला वाटायचं, अण्णा नुसते इकडून तिकडे फिरतात. आता कळतंय की शिकवणं म्हणजे तेच फिरणं होतं. तेव्हापासून टाचणं रद्दीत घातली आणि तुमची पद्धत लावली. टेबलाच्या तीन बाजूंना तीन वर्ग, चौथ्या बाजूला गॅस. चिंगीला पाढे लिहायला बसवायचं, ताईला वाचन, दादाला शिकवायचं. कुकरची तिसरी शिट्टी झाली की तास बदलतो. घंटेची गरज पडत नाही, आणि डाळही शिजते.

तुमच्यासारखाच गटप्रमुखही नेमला. दादा चिंगीची गणितं तपासणार, असं ठरलं. आठवडाभर चिंगीला पैकीच्या पैकी. मी मनात म्हटलं, पोरगी सुधारली. मग आई, तू पाठवलेल्या बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला तर तळ दिसायला लागलेला. चौकशीअंती दर निष्पन्न झाला: चुकलेल्या दोन गणितांना अर्धा लाडू. गटप्रमुखाला निलंबित केलं आणि त्याच्या जागी ताईला नेमलं. ती लाच घेत नाही, पण शेरे मारते. चिंगीच्या वहीत तिने लिहिलं आहे, ‘अक्षर पाहून वाईट वाटले.’ ही भाषा कुठून आली ते तुम्ही जाणताच.

आता विषयांची यादी. भाषा, गणित, विज्ञान, भूगोल, अमेरिकेचा आणि पेनसिल्व्हेनियाचा इतिहास, नागरिकशास्त्र, आरोग्य, शारीरिक शिक्षण, संगीत, चित्रकला. इथवर ठीक. पण त्यात एक विषय असा आहे की तो बालभारतीच्या कुठल्या इयत्तेत स्वतंत्र विषय म्हणून तुम्हाला सापडायचा नाही. आगीचे धोके आणि आग लागू नये म्हणून घ्यायची काळजी! तेही एकदा शिकवून भागत नाही, नियमित आणि सातत्याने शिकवायचं असं कायद्यातच लिहिलं आहे.

आई, हा विषय आमच्याकडे फोडणीबरोबर शिकवला जातो. इथली घरं बहुतेक लाकडाची, म्हणून छताला धूर ओळखणारा भोंगा. त्याला मोहरी चालते. जिरं चालतं. हिंगापर्यंत तो सहन करतो. सुकी मिरची तेलात पडली की मात्र बोंब. मग दादा खुर्चीवर चढून टॉवेलने भोंग्याला वारा घालतो, ताई खिडक्या उघडते, आणि चिंगी शेंडेफळाचा दंड धरून बाहेर टपालपेटीपाशी जाऊन उभी राहते, कारण आग लागली तर जमायची जागा तीच ठरली आहे. जानेवारीत एकदा शेंडेफळ नुसत्या चड्डीवर बर्फात उभं होतं आणि समोरच्या आजी पडद्याआडून बघत होत्या. मी दारातून कढई दाखवली. त्यांना काय कळलं देव जाणे, त्यांनीही खिडकीतून हात हलवला. वहीत नोंद: ‘अग्निसुरक्षा, प्रात्यक्षिक.’

अशा नोंदी ठेवाव्याच लागतात, कारण वर्षअखेरीस प्रत्येक मुलाची फाइल घेऊन मूल्यमापकासमोर बसायचं असतं. ती बहुधा इथली परवानाधारक शिक्षिका असते, मुलांशी बोलते, वह्या बघते आणि ३० जूनच्या आत तिचा दाखला स्थानिक स्कूल डिस्ट्रिक्टच्या कचेरीत द्यायचा. आमच्या बाई गेल्या आठवड्यात येऊन गेल्या. तुमच्या शाळेत विस्तार अधिकारी येणार म्हटलं की आदल्या दिवशी काय धावपळ असायची, अंगण सारवा, तक्ते लावा, पोरांची नखं कापा. मी सगळं केलं, सारवणं सोडून. इथे लाकडाची जमीन आहे.

बाई गोड होत्या. अग्निसुरक्षेची पानं उलटताना म्हणाल्या, ‘बहुतेक पालक हे वर्षातून एकदा लिहितात. तुम्ही तर आठवड्यातून तीनदा घेता!’ मी नम्रपणे मान खाली घातली. आमटीचं नाव काढलं नाही. शारीरिक शिक्षणात ‘दारातला बर्फ उपसणे’ आणि कार्यानुभवात ‘धुतलेले कपडे घडी करणे’ हे त्यांना फार आवडलं. चिंगीला त्यांनी विचारलं, ‘तुला विज्ञानात काय आवडतं?’ तिने कुकर आणून दाखवला. आत वाफ कोंडली की दाब वाढतो, दाब वाढला की पाणी शंभर अंशांच्या पुढे तापतं, म्हणून डाळ लवकर शिजते आणि शिट्टी जास्तीची वाफ सोडते, हे तिने धडाधड सांगितलं. बाई थक्क झाल्या. मीही झाले, कारण हे मी तिला शिकवलेलं नव्हतं. दादाला शिकवत होते, तेव्हा ती पाढे लिहीत होती. तुमच्या शाळेतली दुसरीची पोरं चौथीच्या कविता पाठ म्हणायची ती अशीच ना?

त्यानंतर बाईंनी मराठीच्या वह्या उघडल्या. अण्णा, हे तुमचंच खातं. इथे सकाळचे नऊ म्हणजे खडवलीत संध्याकाळचे साडेसहा, म्हणून तुमचा शुद्धलेखनाचा तास बरोबर दिवेलागणीला येतो. तुम्ही मुलांना सांगितलं आहे, ‘मी बोलेन ते जसंच्या तसं लिहायचं.’ ती लिहितात. त्यामुळे बालभारतीतल्या पावसाच्या उताऱ्यात मध्येच ‘अगं, डास यायला लागले, खिडकी लाव’ हे वाक्य तिघांच्याही वहीत आहे. त्यापुढे ‘कोण आलंय बघ, इस्त्रीवाला असेल’ असंही आहे. ताईच्या वहीत सगळे अनुस्वार जागच्या जागी. दादाने खिडकीतली पहिली वेलांटी दीर्घ काढली, त्याखाली तुमच्या आज्ञेप्रमाणे ‘खिडकी’ पाच वेळा लिहिलेली. बाईंना मराठी येत नाही. त्यांनी विचारलं, हे काय आहे? मी म्हटलं, ग्रामीण जीवनावरचा पाठ.

गणितातही तुमचा नातू तुम्हाला पुरून उरतो. ‘गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने कल्याणहून निघाली, खडवली १८ किलोमीटर, तर किती मिनिटांत पोचेल?’ यावर त्याने लिहिलं, ‘अठरा. पण मालगाडी पुढे काढली तर सांगता येत नाही.’ मागच्या दिवाळीत फलाटावर बसून काढलेला अनुभव आहे तो. पोरांना शहाड, आंबिवली, टिटवाळा, खडवली, वासिंद, आसनगाव पासून थेट कसाऱ्यापर्यंत सगळी स्टेशनं पाठ आहेत. भातसा नदीचं पाणी मुंबईच्या नळांना जातं, हेही ठाऊक. आमच्या गावची नदी मुंबई पिते, असं चिंगी इथल्या मुलांना सांगते. फक्त रविवारी पिकनिकला आलेले लोक नदीकाठी काय काय टाकून जातात ते मी तिला सांगू नको म्हटलं आहे.

या सगळ्यात मला मनापासून आवडलेला तास पेनसिल्व्हेनियाच्या इतिहासाचा. अमेरिकेची क्रांती आणि स्वातंत्र्याची घंटा आटोपल्यावर मी आनंदीबाई जोशी घेतल्या. आपल्या चार स्टेशनं अलीकडच्या कल्याणात ३१ मार्च १८६५ ला जन्मलेली मुलगी, पोस्टातल्या नवऱ्याने, गोपाळरावांनी, हट्टाने घरी शिकवलेली, १८८३ मध्ये नवऱ्याशिवाय बोटीने निघून फिलाडेल्फियाला आली आणि ११ मार्च १८८६ ला तिथल्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. त्या तर आईकडून संस्कृत शिकलेल्या. म्हणजे १८८६ साली फिलाडेल्फियाच्या एकाच सभागृहात घरी शिकलेल्या दोन मराठी बायका होत्या आणि दोघींच्याही मूल्यमापनाचा दाखला कुणी मागितला नव्हता. फिलाडेल्फिया इथून लोकलने तासाभराच्या अंतरावर. आनंदीबाई, जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबूली यांचा, आपापल्या देशाच्या पोशाखातला तो १८८५ चा फोटो आम्ही फ्रिजवर लावला आहे.

मुलांच्या शंका मात्र भलत्याच. आनंदीबाई अभ्यास टाकून स्वयंपाकघरात गेल्या की गोपाळराव मारायचे, हे ऐकून चिंगी म्हणाली, ‘हे पेनसिल्व्हेनियात चालत नाही.’ ताई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘आपल्याकडे उलट आहे. अभ्यास करायचा असेल तर स्वयंपाकघरातच यावं लागतं.’ डॉक्टर होऊन आनंदीबाई परत गेल्या आणि वर्षाच्या आतच, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात वारल्या, वय एकवीस, हे सांगितलं तेव्हा तिघंही गप्प झाली. शेंडेफळसुद्धा सात म्हणालं नाही.

‘मुलं चार लोकांत मिसळणार कशी?’ हा आईचा प्रश्न. आई, हा प्रश्न इथेही सगळे विचारतात, सुपरमार्केटच्या रांगेतसुद्धा. तीन खोल्यांच्या घरात चार पोरं, दोन मोठी माणसं आणि जावयांची मीटिंग. एकोणतीसचा पाढा परवा त्यांच्या टेनेसीच्या क्लायंटनेही ऐकला. न मिसळण्याची सोय कुठे आहे ते मीच शोधते आहे. शिवाय रविवारी मराठी शाळा आहे, वाचनालय आहे, आठवड्यातून एकदा घरी शिकणाऱ्या मुलांचा गट जमतो. तिथे चिंगीने सगळ्यांना लंगडी शिकवली. आता इथली दहा-बारा गोरी पोरं एका पायावर फिरतात.

आणि अण्णा, तुमचा शेवटचा, लाल शाईने अधोरेखित केलेला प्रश्न: दहावीचं काय? तिकडे परतलो तर १७ नंबरचा फॉर्म भरू. तुम्हीच कितीतरी पोरांचे भरून दिलेत. इथेच राहिलो तर बारावीचा डिप्लोमा पालक देऊ शकतात, त्यावर मूल्यमापकाची सही लागते. म्हणजे बोर्डही मीच. जावई तर भेटेल त्याला मुंबईच्या मालविका जोशीची गोष्ट सांगतात, दहावी-बारावी न करता ऑलिम्पियाडच्या पदकांवर २०१६ साली एमआयटीत गेलेली. मी त्यांना म्हणते, तिला प्रोग्रॅमिंगची गोडी होती. आपल्या दादाला सध्या झोपेची आहे.

पुढच्या वर्षाची उद्दिष्टं जुलैत लिहायची आहेत. मराठी आणि तोंडी हिशेबाची तुम्ही लिहून द्या, इंग्रजी मी करून घेईन. पावकी-निमकी घालायची असेल तर घाला, पण औटकी नको, मलाच येत नाही. जुलैत येणाऱ्या कुणाबरोबर बालभारतीची चौथी आणि सहावीची पुस्तकं, मेतकूट आणि थोड्या सुक्या मिरच्या पाठवा. मिरच्या अभ्यासक्रमासाठी लागतात.

एक कार्यालयीन बाब राहिली. मागच्या मंगळवारी तुम्ही तासाला आला नाहीत. तिघं वह्या उघडून बसून होती. चिंगीने मस्टर केलं आहे, त्यात तुमच्या नावापुढे लाल शाईने ‘गैरहजर, पूर्वसूचना नाही’ असं आहे. नियमाप्रमाणे रजेचा अर्ज लागेल. कारणाच्या जागी ‘प्रकृती अस्वास्थ्य’ लिहू नका, आईने फोनवर सांगितलं आहे की तुम्ही टिटवाळ्याला गणपतीच्या नावाखाली मिसळ खायला गेला होतात. अर्ज शुद्ध मराठीत हवा. ताई तपासणार आहे.

तुमची,
बेबी